तिसऱ्या पायाशी तीन अंडी

मित्रांनो, मी तिपाई. जिच्या डोक्यावर दुर्बीण बसवतात ती. फोटोत दुर्बीण येते, दुर्बिणीला डोळा लावणारा येतो, मी मांडीपर्यंत कापली जाते. पण तो राग आज बाजूला ठेवते. आज दुसराच राग सांगायचा आहे.

अशा गोष्टीत आधी जन्म सांगतात, मग काम, मग कौतुक, मग उपेक्षा आणि सर्वांत शेवटी विनंती. मीही त्याच क्रमानं सांगणार आहे. निदान तसा प्रयत्न करणार आहे.

जन्म

माझा जन्म मिठागरात झाला. तिथल्या सुतारानं मला चांगल्या, सरळ रेषेच्या लाकडातून घडवलं, पितळी खिळे मारले, पितळी फिरक्या बसवल्या. माझ्यावर पातळी मोजायचं यंत्र ठेवत. मिठागराची जमीन एका बाजूला बोटभर जरी खचली, तरी सगळं मीठ त्याच कोपऱ्यात साचतं. ते होऊ नये म्हणून मी उन्हात तासन्‌तास न हलता उभी राहायची. न हलणं हा माझा एकमेव गुण आहे, आणि पुढं जे झालं ते ह्याच गुणापायी...

नाही. क्रमानं.

मिठागर बंद पडलं. तिथं मोजणीचं काम करणाऱ्या बाल्तझारनं मला उचलून घरी आणलं. येताना बोटीच्या धक्क्यावर मला पाडलं आणि माझा तिसरा पाय मोडला. त्या जागी त्यानं वल्ह्याचा एक निळा तुकडा ठोकला. दोन पाय सुताराचे आणि एक नावाड्याचा, अशी मी झाले. दोन पाय जमिनीवर उभे राहतात. तिसरा मात्र सारखा काहीतरी शोधत असल्यासारखा वाळूत खोल जातो. त्या शुक्रवारीही तो तसाच गेला, आणि बरोबर तिथंच...

बघा, जमत नाही. जन्म इथंच सोडते.

काम

आमचं बेट म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये पडलेली वाळूची लांब पट्टी. एका टोकाला गाव. दुसऱ्या टोकाला घर नाही, झाड नाही, फक्त वाळूचा एक बुटका उंचवटा. त्याला सगळे काबेसु म्हणतात. ओहोटीला खाडी मैलभर उघडी पडते आणि किनाऱ्यावरचे पक्षी चिखलात पांगतात, मुंग्यांएवढे दिसतात. भरती आली की पाणी त्यांना ढकलत ढकलत पट्टीच्या टोकाला आणतं. म्हणून पक्षी बघायचे तर भरतीला, आणि काबेसुवरून.

हे बाल्तझारला बरोबर ठाऊक आहे. त्याला बाकीचंही पुष्कळ ठाऊक आहे. फक्त एक खोड आहे. आकाशात वाकड्या चोचीचं काही दिसलं की हा माणूस संपला. बायको आजारी असताना डॉक्टरांना आणायला निघाला आणि वाटेत एक मासेमार गरुड दिसला म्हणून धक्क्यावर थांबला. डॉक्टर आपणहून आले. बायको बरी झाली, पण तिनं ते कधी विसरू दिलं नाही. आता ती नाही. आता ते काम त्याची धाकटी बहीण करते.

देओलिंदा. गावासाठी पाव भाजते. हात पोळलेले, आवाज खणखणीत, आणि तिला आवडतात ते सगळे पक्षी जमिनीवरचे. त्यातही चिखल्या. मूठभर जीव, वाळूच्याच रंगाचा, धावतो आणि थांबतो, धावतो आणि थांबतो. थांबला की दिसेनासा होतो.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला देओलिंदा काबेसुवर शिंपले वेचायला आली होती. एक चिखल्याची मादी तिच्यापुढं पंख घासटत लंगडत गेली. देओलिंदाला लगेच समजलं. हे सोंग आहे. घरट्यापासून माणसाला लांब न्यायचं सोंग. म्हणजे इथंच कुठंतरी अंडी आहेत.

ती तडक गावात गेली आणि जत्रेचा कारभारी व्हिर्गोलिनु ह्याच्या दारात उभी राहिली. कारण रविवारी समुद्रमाउलीची जत्रा होती. त्या दिवशी सगळं गाव नावांत बसून येतं, माउलीला काबेसुवर उतरवतं, आणि तिथंच मंडप, तिथंच टेबलं, तिथंच निखाऱ्यावर मासे.

"मंडप हलव," देओलिंदा म्हणाली.

"कुणासाठी?"

"चिखल्यासाठी."

व्हिर्गोलिनु आधी हसला. मग बायकोला बाहेर बोलावून परत हसला. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव हसलं. पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारू लागला, "काय देओलिंदाबाई, तुमच्या अदृश्य कोंबडीनं अंडं दिलं का?" तिनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी एकाला कालचा पाव दिला.

शेवटी व्हिर्गोलिनु म्हणाला, "हे बघ ताई, शुक्रवारी भरतीला मी नाव भरून वासे आणणार. जड वासे दुसऱ्या वेळी आणता येत नाहीत, तुला माहीत आहे. तोवर अंडी दाखव, मी मंडप हलवतो. नाही दाखवलीस तर रविवारी मुकाट्यानं जेवायला ये आणि पक्ष्यांचं नाव काढू नकोस."

काम (पुढे चालू, कारण इथंच सगळं बिघडलं)

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं काबेसुवर. दोघांनी वाकून, पावलं मोजून टाकत सगळा उंचवटा पाहिला. चिखल्याची अंडी कशी असतात सांगते. वाळूच्या रंगाची, वर काळ्या रेघोट्या, आणि अर्धी वाळूत पुरलेली. त्यांच्यावरून नजर दहादा गेली तरी ती नजरेला अडकत नाहीत. दोघांची अडकली नाही.

"इथं नाही," बाल्तझार म्हणाला. "पलीकडं असेल, त्या गवतात. इथूनच बघू. इथून सगळं दिसतं."

आणि त्यानं मला उभं केलं. पहिला पाय, दुसरा पाय. तिसरा पाय आपल्या सवयीनं सरकत खाली गेला आणि थांबला.

त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, तीन अंडी होती.

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी बेट हादरलं असतं.

तुम्हाला कळतंय ना काय झालं होतं? आम्ही घरट्यावर उभे राहून घरटं शोधत होतो. मादी वीस पावलांवर वाळूत बसली होती आणि आमच्याकडं बघत होती. आम्ही हललो की ती परतणार. ती परतली की घरटं दिसणार. आणि आम्ही काही हलत नव्हतो, कारण इथून सगळं दिसतं!

"दादा, डावीकडं बघ. गवताच्या कडेला काहीतरी पळालं."

"बघतोय."

"तू वर बघतोयस."

"वर पण बघायला लागतं."

"घरटं वर नसतं रे!"

"ओरडू नकोस. पक्षी बुजतात."

पक्षी बुजतात! त्याचा बूट अंड्यांपासून हातभर लांब होता. तो एकदा मागं सरकला तेव्हा मी माझा निळा पाय जितका ताठ करता येईल तितका केला. त्याची पोटरी पायाला आपटली, तो मला शिव्या घालत बाजूला झाला. त्या शिव्या मी आजवर कुणाला सांगितल्या नव्हत्या. आता सांगते. तो म्हणाला, "ह्या सांगाड्याला एक दिवस चुलीत घालणार आहे मी."

पाणी चढू लागलं. पट्टीच्या टोकाशी टिलव्यांचे थवे उतरले. इवले, करडे, शेकड्यांनी, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं. मागं लांब बाकदार चोचींचे कोरल एका पायावर. मध्येच कुणीतरी कुणाच्या अंगावर पडायचं आणि सगळी रांग कुरकुरत बोटभर सरकायची, चर्चमधल्या बाकावर उशिरा आलेल्याला जागा करून द्यावी तशी.

देओलिंदा दुर्बिणीतून गवताची एकेक काडी तपासत होती. ऊन तापलं होतं. मादी दोनदा जवळ आली, दोनदा परतली. तिसऱ्यांदा ती पाण्यात गेली, पोट भिजवलं, आणि पाणी निथळत तशीच उभी राहिली. अंडी थंड करायची होती तिला. पण जाणार कुठून? माझ्या शेजारून? बाल्तझारच्या बुटांवरून?

"लिंदा," बाल्तझार एकदम कुजबुजला. "सरक."

"का?"

"सरक म्हणतो ना!"

त्यानं तिला दुर्बिणीपासून जवळजवळ ढकललंच. समुद्राच्या बाजूनं एक बहिरी ससाणा येत होता. पंख आवळून, अगदी खालून. टिलव्यांचा थवा उठला. उठला म्हणजे वाळूचीच एक चादर कुणीतरी झटकावी तसा उठला. एकदा पांढरा दिसला, एकदा काळा, मग चेंडूसारखा गोळा झाला आणि फुटला. ससाणा त्यातून आरपार गेला. रिकाम्या पंजांनी. परत वळला.

"बघितलंस? बघितलंस का?" बाल्तझारचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "अजून एकदा मारणार तो. थांब. थांब."

"दादा, व्हिर्गोलिनुची नाव निघाली असेल."

"एवढं होऊ दे."

"दादा, माझं नाक कापलं जाणार आहे रविवारी!"

"एवढं होऊ दे गं, तुझं नाक कुठं जातंय!"

देओलिंदा गप्प बसते तेव्हा समजावं की ती खरोखर दुखावली आहे. ती खाली बसली, हातांनी गुडघे धरून. तिची नजर समोर. अंडी तिच्या पाठीशी.

मला त्या क्षणी दोघांचाही इतका वैताग आला, आणि ससाण्याचाही, आणि त्या सुताराचाही, ज्यानं मला न हलायला शिकवलं.

उपेक्षा

हा भाग कौतुकानंतर यायला हवा. माझ्या आयुष्यात तो आधी आला, त्याला मी काय करू?

व्हिर्गोलिनुची नाव काबेसुच्या पायथ्याशी लागली. वासे, ताडपत्री, मोगरी, आणि मागं त्याची बायको एक मोठं पातेलं घेऊन.

"कोंबडी?" त्यानं तिथूनच विचारलं.

देओलिंदानं मान हलवली.

त्याचा आनंद त्यानं लपवला, हे त्याच्या चांगुलपणाचं लक्षण. "असू दे ताई. माकुलं आणलीत कांदा घालून. चला, आधी नावेत बसून खाऊन घेऊ, मग ठोकू. उपाशी पोटी मोगरी वाकडी पडते."

बाल्तझारनं दुर्बीण काढून गळ्यात घातली आणि मला मिटायला गेला. मी मिटत नाही. कितीतरी वर्षं मिटत नाही. समुद्राच्या पाण्यातून मला आणलं की गोड्या पाण्यानं पुसायचं असतं, हे त्याला माहीत आहे. त्यानं ते कधी केलं नाही. पितळी फिरक्या हिरव्या पडून जाम झाल्या आहेत. एरवी तो मला तशीच फाकलेली खांद्यावर टाकून नेतो. त्या दिवशी त्याला भूक लागली होती.

"राहू दे इथंच," तो म्हणाला. "हिला कोण चोरणार?"

आणि ते गेले.

मित्रांनो, उपेक्षेचं दुःख काय असतं ते तुम्ही अनेक जुन्या वस्तूंच्या तोंडून ऐकलं असेल. मला दुःख झालं नाही. मी मनात म्हणत होते, जा. अजून लांब जा. नावेत बसा. पातेलं उघडा. कुणी मागं वळून बघू नका.

वाळू शांत झाली.

मादी धावली, थांबली. धावली, थांबली. माझ्यापाशी आली आणि माझा निळा पाय तिनं एका बाजूनं पाहिला, मग मान वळवून दुसऱ्या बाजूनं पाहिला. मी अशी उभी राहिले जशी मिठागरातही कधी राहिले नव्हते. मग तिनं पोटाची पिसं फुलवली आणि अंड्यांवर बसली. ओलं पोट अंड्यांना लागलं. माझ्या पायाची सावली तिच्या पाठीवर होती.

नावेतलं सगळं मला ऐकू येत होतं. पाण्यावरून आवाज येतो, आणि व्हिर्गोलिनुचा तर पाण्याखालूनही येईल.

"कुठाय तुझा तो ससाणा, बघू. नुसतं सांगतोस." त्यानं बाल्तझारच्या गळ्यातली दुर्बीण ओढून घेतली असावी. "ह्यात तर काहीच दिसत नाही. हां. तुझं ते तिकाटणं दिसतंय. बाल्तझार, तुझ्या तिकाटण्याखाली उंदीर बसलाय."

"उंदीर? भर उन्हात?"

"मग मी काय खोटं सांगतो? हा बघ. करडा. डोक्यावर थोडा तांबूस."

पातेल्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. मग देओलिंदाचा.

"आण इकडं!"

दुर्बीण तिनं हिसकावली असावी.

"व्हिर्गोलिनु," ती अगदी हळू म्हणाली, "तुझ्या उंदराला चोच आहे."

कौतुक

व्हिर्गोलिनु शब्दाचा पक्का. मंडपाचे वासे त्याच दुपारी पट्टीच्या दुसऱ्या अंगाला ठोकले; माउली उतरायची जागा तेवढी तीच राहिली. घरट्याभोवती दोरी बांधली. आणि संध्याकाळपासून तो सगळ्यांना सांगत सुटला की चिखल्या त्यानं शोधला.

"मी एका नजरेत ओळखलं. हे दोघं सकाळपासून डोळे फोडत होते."

देओलिंदानं त्याला बोलू दिलं. पाव घ्यायला आलेली माणसं आता हलक्या आवाजात विचारायची, "अंडी ठीक आहेत ना?" जणू घरात बाळंतीण आहे. तिला एवढंच हवं होतं.

बाल्तझार मला घ्यायला आला तर व्हिर्गोलिनुनं त्याला अडवलं. "हिला हलवायचं नाही. हिच्यामुळं सापडलं. शिवाय लांबून जागा ओळखू येते. खूण म्हणून असू दे."

आणि मित्रांनो, माझं कौतुक सुरू झालं. व्हिर्गोलिनुच्या बायकोनं माझ्या डोक्याला निळ्या-पांढऱ्या फिती बांधल्या. कुणी कागदी फुलं खोचली. शनिवारी माणसं दोरीपलीकडं उभी राहून माझ्याकडं बोट दाखवत होती. मिठागरात इतकी वर्षं झिजले, कुणी फीत बांधली नव्हती. मी खूश व्हायला हवं होतं. थोडी झालेही. खोटं कशाला सांगू?

रविवारी पहाटे तिसऱ्या पायाला काहीतरी जाणवलं. अंड्यांच्या आतून टकटक.

दुपारच्या भरतीला नावा निघाल्या. पुढच्या नावेत माउली, फुलांनी मढवलेली, भोवती वाजंत्री. माझ्याशेजारी तोवर तीन पिल्लं झाली होती. कापसाची, लांब काड्यांच्या पायांची. नुकती कुठं वाळली होती. मादी त्यांना पोटाखाली घेऊन बसली होती. मी नावांकडं बघत होते. सगळं कसं छान चाललं आहे, असं मनात येत होतं.

तेवढ्यात माझ्या डोक्यावर काहीतरी बसलं.

नख्या. फितींमधून लाकडात रुतलेल्या नख्या.

खरूची होती. छोटी, लालसर पाठीची, शिकारी. तिची काही चूक नाही. अख्ख्या काबेसुवर बसायला उंच जागा एकच, आणि ती माणसांनी सजवून ठेवलेली. तिनं फिती चोचीनं बाजूला केल्या, मान तिरकी केली आणि सरळ खाली पाहिलं.

घरट्याला आकाशातून ओळखणं कठीण असतं. मी ते सोपं केलं होतं. मी, खूण म्हणून उभी राहून!

मादी वाळूत दाबून बसली. पिल्लांनी आवाज बंद केला. मी हलले असते. मी पडले असते. आयुष्यात पहिल्यांदा मला पडावंसं वाटलं. आणि तो निळा पाय, जो शोधत शोधत खोल गेला होता, तो काही केल्या सुटेना.

आता आमच्या जत्रेचा एक नियम सांगायला हवा. माउलीच्या आधी त्या दिवशी वाळूवर कुणी पाय ठेवत नाही. म्हातारे नाही, पाद्री नाही. नावा येऊन थांबतात, आधी माउली उतरते, मग गाव. ज्यानं हे मोडलं त्याच्यामुळं समुद्र वर्षभर रुसतो असं मानतात. मानत नाहीत तेही मोडत नाहीत.

देओलिंदा पहिल्याच नावेत होती, माउलीच्या पायाशी, काळ्या रेशमी पोशाखात. आठवड्यापूर्वी जिला गाव हसत होतं, तिला त्या दिवशी तिथं बसवलं होतं. तिनं काबेसुकडं पाहिलं आणि तिला माझ्या डोक्यावर काय बसलंय ते दुर्बिणीशिवाय दिसलं.

"दादा, खरूची!"

बाल्तझारनं मान वर केली. "कुठं?" आणि सवयीनं दुर्बीण डोळ्याला लावली. "अहाहा. नर आहे. काय रंग आहे बघ..."

पाणी उडाल्याचा आवाज झाला.

देओलिंदा मांडीभर पाण्यात होती. पोशाख दोन्ही हातांनी वर धरून, ढांगा टाकत. वाजंत्री एकेक करून बंद पडली.

"ए! माउली उतरायची आहे अजून!" कुणीतरी ओरडलं.

"देओलिंदा! मागं फिर!" हा व्हिर्गोलिनु. माउलीचा चौरंग त्याच्या खांद्यावर होता, बाकी तिघांबरोबर. "साऱ्या गावादेखत? वेड लागलंय का तुला?"

ती वाळूवर आली. धावली. खरूचीनं पंख उघडले, पण ती उडाली नाही. तिनं खाली झेप घ्यायला अंग पुढं झुकवलं होतं. देओलिंदानं दोरी ओलांडली नाही. बाहेरूनच पोटावर पडली, हात लांब केले आणि माझा पहिला पाय धरून ओढला.

निळ्या पायाचं वीतभर टोक वाळूत राहिलं. मी मोडले आणि तोंडावर पडले. खरूची एकदा ओरडली आणि वाऱ्यावर चढून समुद्राच्या दिशेला गेली.

विनंती

मी वाळूत तोंड खुपसून पडले होते. देओलिंदा शेजारी पडली होती, तोंडात वाळू, पोशाख फाटलेला. मागं सगळं गाव नावांमध्ये उभं होतं.

व्हिर्गोलिनु पाण्यात उतरला होता. चौरंग खांद्यावर, चेहरा लाल. "वर्षभराची शोभा केलीस," तो दात आवळून म्हणाला. "ह्या सगळ्यांना मी काय सांगू आता? एका पाखरापायी तू..."

तो पाऊल टाकणार, तेवढ्यात एक कापसाचा गोळा दोरीखालून बाहेर आला. धावला, थांबला. त्याच्यामागं दुसरा. धावला, थांबला, नाकावर पडला, उठला. मादी पुढं होऊन बोलावत होती. ती त्यांना पाण्याच्या कडेला, खाण्यापिण्याच्या जागी नेत होती. बरोबर माउलीच्या वाटेतून.

व्हिर्गोलिनुचा पाय हवेत राहिला.

"थांबा!" तो मागच्या तिघांवर खेकसला. "कुणी हलायचं नाही!"

"अरे पण जड आहे," मागून कुणीतरी कळवळलं.

"माउलीला जड होत नाही, तुला होतंय?"

तिसरं पिल्लू कुठंच दिसत नव्हतं. ते थांबलं असणार, आणि थांबलं की ते वाळू होतं. घोटाभर पाण्यात चार माणसं, त्यांच्या खांद्यांवर माउली, मागं सगळ्या नावा. पाणी उतरायला लागलं होतं आणि नावा तळाला घासू लागल्या होत्या, तरी कुणी हललं नाही. व्हिर्गोलिनुनं आपल्या पायापुढची वाळू पाहिली. पुन्हा पाहिली. त्याच्या कपाळावरून घाम खाली आला.

"देओलिंदा," तो शेवटी म्हणाला. आवाजात अजून राग होता, पण तो कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. "सांग बाई. पाय कुठं ठेवू?"

ती गुडघ्यांवर उठली. वाळू थुंकली. "दोन पावलं डावीकडं. सावकाश. आता थांब. आता ये."

आणि माउली तशी उतरली. दोन पावलं डावीकडून.

मित्रांनो, विनंती अशी. मला गोड्या पाण्यानं पुसा, फिरक्यांना तेल द्या, हे मी म्हणायला हवं. तेही करा, माझं काही म्हणणं नाही. पण त्याआधी, जिथं पाय ठेवणार आहात ती जागा ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. विचारताना राग येत असेल तर रागानं विचारा, पण विचारा. आणि एखाद्या वस्तूचं काम झालं की तिला फिती बांधू नका. तिला उचला.

संध्याकाळपर्यंत मंडपात गाणी चालली. मासे भाजल्याचा वास येत होता. बाल्तझार मला न्यायला आला नाही, देओलिंदाला बायकांनी घेरलं होतं, आणि माझी कुणालाच आठवण झाली नाही. मी आडवी पडून राहिले. खरूची आणखी दोनदा काबेसुवरून फिरून गेली. तिला बसायला उंच असं तिथं काहीच उरलं नव्हतं.